वाचायचं एकीनं, बोलायचं सगळ्यांनी

आज बोलायचं आहे ते बोलण्याविषयी आणि वाचण्याविषयी. वाचन हे शिकलेल्यांचं काम आणि गप्पा म्हणजे बायकांचा रिकामा उद्योग, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्हाला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आधी एक साधी गोष्ट घ्या. सोडे करायचेत म्हणून कोलंबी सोलायला चौघीजणी बसल्यात. एक म्हणते, "अगं, ती तिथली तसली दे ना इकडं." दुसरी मुकाट्यानं पाटी सरकवते. झालं काम! कसली, कुठली, कोणाला, काही विचारावं लागत नाही. कारण बोलताना शब्द अर्धंच काम करतात. उरलेलं काम हात करतो, डोळे करतात, आवाजाचा चढउतार करतो, आणि आपली इतक्या वर्षांची ओळख करते. आता हेच वाक्य कागदावर लिहून मुंबईच्या नणंदेला पाठवा. तिला काय कळणार, कपाळ!

कागदाला तोंड नाही, हात नाहीत. म्हणून लिहिताना कोण, कुठं, कधी, किती हे सगळं शब्दांतच घालावं लागतं. मोबाइलवरच्या निरोपांत आपली गडबड होते ती इथंच. आपण नुसतं "बरं" लिहितो आणि पलीकडची रात्रभर विचार करते, ही रागावली की काय? काशीदला हंगामात घरच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बायांना हे चांगलं ठाऊक आहे. रात्री साडेबाराला निरोप येतो, "उद्या येतो, चौघे." आता उद्या म्हणजे उजाडल्यावर, की परवा? चौघांचं जेवण धरायचं की नुसती खोली? तारीख, माणसं आणि जेवण लिहून घेतल्याशिवाय मासळी आणायला जाऊ नये.

वाचायची सवय लागली की हा नेमकेपणा हळूहळू बोलण्यातही उतरतो. ग्रामसभेत एखादी उठून म्हणते, "आमच्याकडं पाणीच येत नाही." सगळे माना डोलावतात आणि विषय पुढं सरकतो. तेच कोणी म्हणालं, "खालच्या आळीच्या नळाला मंगळवारपासून पाणी नाही, बारा घरं आहेत," तर ते इतिवृत्तात लिहावं लागतं. तक्रार तीच असते. पण दुसऱ्या बाईचं बोलणं कागदावर चढण्याजोगं असतं.

हे झालं वाचनानं बोलण्याला काय दिलं ते. पण बोलण्यानं पुस्तकाला काय दिलं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. खरं तर मराठीतली कितीतरी मोठी पुस्तकं गप्पांतूनच आली आहेत.

'लीळाचरित्र' हा मराठी गद्यातला आद्य ग्रंथ. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी तो तयार केला. कसा केला? चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांचं बोलणं ऐकलं होतं, अशा माणसांकडं गावोगाव जाऊन विचारलं. तुम्ही काय पाहिलंत, स्वामी तेव्हा काय म्हणाले? ते सांगत गेले, हे लिहीत गेले. त्या माणसांत बायाही होत्या. महदाइसा तर सतत प्रश्न विचारायची. ही म्हातारी काही ना काही विचारतच असते, असं खुद्द चक्रधरांनीच तिच्याविषयी कौतुकानं म्हटल्याचं त्या ग्रंथात आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आज जिचं नाव घेतात, ती हीच.

याच पंथातली आणखी एक हकीकत आहे. केशवराज नावाचे मोठे पंडित नागदेवाचार्यांशी संस्कृतातून बोलायला लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवलं. म्हणाले, हे मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीतच सांगितलंय. आणि पुढं, ग्रंथ संस्कृतात करू नका, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार बघा. ज्या भाषेत बाई बोलत नाही, त्या भाषेत लिहिलं तर ती लुबाडली जाते! हा 'नागवणे' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडं पुन्हा यायचंय.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं तर दासबोध घ्या. महाडकडच्या शिवथरघळीत समर्थांनी तो सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं मानतात. या ग्रंथाची सुरुवातच प्रश्नानं होते. हा कसला ग्रंथ, यात काय आहे, असं श्रोते विचारतात आणि मग उत्तर सुरू होतं. म्हणजे पुस्तक असूनही ती बैठकच आहे. आणि बैठक म्हटल्यावर आपल्याकडं वेगळं काय सांगायला हवं? रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ पासून दासबोधाचं निरूपण सुरू केलं. आज आपल्या भागात बैठकीला जाणारी बाई नाही असं घर शोधावं लागेल. तिथल्या कित्येक बायांनी दासबोध स्वतः उघडून वाचलेला नसतो. पण ओवी कानावर पडते, कोणीतरी ती उलगडून सांगतं, आणि परतताना वाटेवर त्यावर बोलणं होतं. हेही वाचनच आहे, असं आमचं म्हणणं आहे.

मग पुस्तक नसलं आणि नुसतंच बोलणं असलं तर? त्याचंही उदाहरण आपल्या वाटेवरच आहे. काशीदहून रेवदंड्याकडं जाताना कोर्लई लागतं. तिथल्या ख्रिस्ती घरांत एक निराळी बोली बोलतात. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज भाषा आणि आपली मराठी यांच्या मेळातून ती झाली. पोर्तुगीज चौल-रेवदंडा सोडून गेले १७४० मध्ये. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ही बोली टिकली ती चुलीजवळच्या आणि अंगणातल्या बोलण्यावर. शाळेत ती शिकवत नाहीत, तिची क्रमिक पुस्तकं नाहीत. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. बोलण्यात केवढी ताकद असते ते यावरून कळावं. पण धोकाही तिथंच आहे. लेकरांशी ती बोलणं ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी मागं उघडून बघायला फारसं काही नसेल.

जात्यावरच्या ओव्यांचं तेच झालं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला हात आणि तोंडी ओवी. सासरचं दुःख, भावाची वाट, सगळं तिथं बोललं जायचं. पिठाची गिरणी आली, हात सुटले, आणि ती बसायची जागाच गेली. गिरणी वाईट असं आम्ही म्हणणार नाही, दळून दळून खांदे गेलेल्या आज्या आम्ही पाहिल्यात. पण हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज सापडतात. ज्यांनी त्या रचल्या त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. बहिणाबाई चौधरींनाही येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मुलांनी त्यांची गाणी टिपून घेतली आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. रचणारी एक आणि लिहिणारा दुसरा, यात कमीपणा काहीच नाही.

तिकडं दूर क्यूबा देशात चिरूट वळायचे कारखाने आहेत. १८६५ पासून तिथं एक रीत पडली. कामगार ओळीनं बसून चिरूट वळायचे आणि एकजण उंच जागी बसून मोठ्यानं वाचायचा. वर्तमानपत्र, कादंबरी, जे ठरेल ते. त्याचा पगार मालक देत नसे, कामगारच वर्गणी काढून देत. सरकारला धास्ती वाटली आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली, पण रीत काही मेली नाही. ऐकून ऐकून न शिकलेल्या माणसांना जगाच्या घडामोडींवर वाद घालता यायला लागला, आणि हीच सरकारची भीती होती. आम्ही हे वाचलं तेव्हा कोलंबीच्या पाट्याच आठवल्या. हात गुंतलेले, कान मोकळे. आमच्या गटात आता एकजण वाचते आणि बाकीच्या सोलतात. वाचणारीच्या वाटणीची कोलंबी बाकीच्यांनी सोलायची, हाच तिचा पगार.

काय वाचतो? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. या बाई शाळेत गेल्या नव्हत्या, नवऱ्यानं घरी अक्षरं शिकवली. त्यांचं पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी आलं, आणि वाचताना वाटतं की ओटीवर बसून कोणी मावशी सांगतेय. स्वतःच्या फजितीवर हसते, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावरही हसते. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "असं नवऱ्याविषयी पुस्तकात लिहिलेलं चालतं?" त्यावर तासभर बोलणं झालं, वाचन राहिलं बाजूला. आम्हाला त्याची खंत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्याच्याही आधीचं, १८८२ सालचं. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांना नावं ठेवली गेली, ती वाचून या बाईंनी पुरुषांना तोंडावर जाब विचारावा तसं पुस्तक लिहिलं. भाषा अशी की नळावरचं भांडण परवडलं! पुस्तकं आपल्याला नवीन शब्द देतात हे खरं. पण आपल्या तोंडचे शब्दही छापता येतात, हे कळणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

आता तो 'नागवणे' शब्द. किनाऱ्यावर जमिनीला भाव आला, बंगले आले, रिसॉर्ट आले, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना माहेरून बोलावणी यायला लागली. जेवण होतं, साडीचोळी होते, आणि एक कागद पुढं येतो. हक्कसोडपत्र. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आलं आणि ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं देशभर आलं. २००५ साली वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. हक्क सोडायचाच असेल तर बाई सोडू शकते. भावाशी गोडी राहावी म्हणून समजून उमजून सोडणाऱ्याही आहेत, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. पण आपण काय सोडतोय ते आधी कळलं पाहिजे.

त्या कागदातले शब्द ऐका. 'विनामोबदला' म्हणजे एक पैसाही न घेता. 'माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही' म्हणजे उद्या तुमची मुलंही मागू शकणार नाहीत. 'चतुःसीमा' म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना कोणाचं काय आहे ते, म्हणजे नेमकी कुठली जागा. गट नंबर वाचा आणि सातबाऱ्याशी ताडून बघा. एकाच जागेचं म्हणून सांगितलेल्या कागदात तीन गट नंबर असू शकतात. हक्कसोडाऐवजी 'कुलमुखत्यारपत्र' असेल तर गोष्टच वेगळी. त्यात तुमच्या वतीनं व्यवहार करायची मुभा तुम्ही दुसऱ्याला देता. आणि शेवटी हटकून एक वाक्य असतं, हा दस्त वाचून, समजून, राजीखुशीनं आणि अक्कलहुशारीनं लिहून दिला. कागद न वाचताच सही केली, तर त्यातलं निदान तेवढं वाक्य तरी खोटं असतं. पण दुय्यम निबंधकांपुढं नोंदणी झाली, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं, की मग मला वाचता आलं नव्हतं, एवढं सांगून भागत नाही. कोर्टाची पायरी चढावी लागते.

आमच्या गटात असा कागद आला की आम्ही तो पोथीसारखा वाचतो. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. मग वाचणारीनं सांगायचं नाही, ऐकणारीनं सांगायचं, तिला काय कळलं ते, आपल्या बोलीत. ती अडखळली तर ते वाक्य पुन्हा. जिथं सगळ्याच अडखळतात तिथं पेन्सिलनं खूण करायची आणि तेवढंच तालुक्याच्या वकिलांना विचारायचं. सबंध कागद पुढं टाकून "यात काय आहे?" विचारलं तर "काही नाही, नेहमीचंच आहे" एवढंच उत्तर मिळतं. खूण दाखवून विचारलं की त्या वाक्याचं उत्तर द्यावं लागतं. यासाठी कागद दोन दिवस आधी मागून घ्या. मूळ प्रत कोणी देत नसेल तर मोबाइलवर फोटो मागा. भावाला वाईट वाटेल असं वाटत असेल तर सांगा, "गटात वाचायची आमची रीतच आहे, गटाच्या कर्जाचा कागदही तसाच वाचतो." आणि तो खरंच तसा वाचत जा.

वाचणारी एकच असेल तर ती आजारी पडली की सगळं थांबतं, म्हणून दुसरी तयार करावी लागते. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन जायला लागल्या. आपल्याला पोथी वाचता यावी, ही त्यांची हौस होती. आमच्या गटातल्या एक आजी सध्या 'स्मृतिचित्रे' अक्षर अक्षर लावून वाचतात. दिवसाला चार ओळी होतात, आणि कोलंबीच्या दिवशी त्या चार ओळी त्यांनाच वाचायला द्यायच्या, असं ठरलंय.