कलानिर्मितीचा लघुपट : स्थान, काळ आणि निवेदन

कलाकृती पूर्ण झाली की तिची निर्मितिप्रक्रिया तिच्याआड लपते. ही प्रक्रिया दृश्य व्हावी, या हेतूने लघुपट काढले जातात. तथापि, कलावंताचा हात हलताना टिपला म्हणजे प्रक्रिया हाती लागली, असे नव्हे. कॅमेऱ्याचे स्थान, काळाची योजना आणि निवेदन या तिन्ही बाबींतील निर्णय प्रक्रियेचा अर्थ बदलू शकतात.

प्रथम स्थानाचा विचार करू. कॅमेरा चित्रकाराच्या पाठीमागे असल्यास त्याचा देह चित्र झाकतो. समोर असल्यास चित्रच दिसत नाही. हान्स नामुथ यांनी १९५० मध्ये जॅक्सन पोलॉक यांचे चित्रीकरण करताना काचेखाली कॅमेरा ठेवून ही अडचण दूर केली. त्यामुळे काचेवर पडणारे रंग आणि त्यांमागील चित्रकार एकाच वेळी दिसू लागले. परंतु पोलॉक एरवी जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर काम करीत. काच ही चित्रीकरणाची गरज होती. काचेवरील पहिल्या प्रयत्नात चित्राशी असलेला संबंध तुटल्याचे ते निवेदनात सांगतात. तो पुसून त्यांनी नव्याने आरंभ केला. आन्री-जॉर्ज क्लूझो यांच्या १९५६ मधील पिकासोवरील चित्रपटात कागदातून झिरपणारी शाई मागील बाजूने टिपली आहे. तेथे रेषा स्पष्ट दिसते, पण ती काढणारा हात अदृश्य होतो. प्रत्येक स्थान काही दाखवते, तसे काही लपवतेही.

काळाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. फ्रान्स्वा कांपो यांच्या १९४६ मधील चित्रपटात आन्री मातिस यांचा कुंचला मंदगतीने दाखवला आहे. नेहमीच्या गतीत सहज वाटणारी हालचाल तेथे असंख्य पर्यायांमधून केलेल्या चिंतनपूर्वक निवडीसारखी भासते. मोरिस मेर्लो-पाँती यांनी १९५२ मधील आपल्या निबंधात या भासाची चिकित्सा केली. हाताने निवड केली हे खरे. मात्र सर्व पर्याय मनापुढे मांडून ती झाली, हे खरे नव्हे. बोलणाराही शब्दांची यादी समोर ठेवून बोलत नाही. आशय आणि शब्द पुष्कळदा एकमेकांच्या आधारानेच आकार घेतात. म्हणून मंदगती हे निरीक्षणाचे साधन ठरते. तिला कलावंताच्या मनाचा पुरावा मानता येत नाही.

तिसरी बाब निवेदनाची. ‘येथे चित्रकाराने निळा रंग निवडला’ या वाक्यातील पूर्ण क्रियारूप निर्णयाला आरंभ आणि शेवट बहाल करते. ‘चित्रकार निळा रंग लावून पाहत आहे’ असे म्हटल्यास अनिश्चितता शिल्लक राहते. त्याचप्रमाणे ‘म्हणून’ हे अव्यय केवळ एकामागून एक घडलेल्या गोष्टींना कार्यकारणात गुंफते. निवेदन बहुधा चित्र पूर्ण झाल्यावर लिहिले जात असल्याने हा धोका वाढतो. शेवट ठाऊक असलेला निवेदक आरंभालाही हेतू चिकटवतो.

यावरून लघुपटकारासाठी काही पथ्ये निघतात. चित्रीकरणासाठी कलावंताच्या कार्यपद्धतीत केलेला बदल प्रेक्षकाला सांगावा. गती बदलली असल्यास ते सूचित करावे. पुसलेली रेषा, थांबलेला हात आणि सोडून दिलेला प्रयत्न संकलनात शक्यतो राखावेत. हे सारे गाळले तर विद्यार्थी कलानिर्मितीला अचूक निर्णयांची सरळ मालिका समजतो, आणि स्वतःच्या हातून झालेली खाडाखोड त्याला अपात्रतेची खूण वाटू लागते. चांगला लघुपट तीच खाडाखोड निर्मितीचे अंग म्हणून दाखवतो.