पेट्रोल लाइनच्या आट्यांना काय लावायचं? आधी जोड ओळखा!

आजचा प्रश्न छोटासा आहे, पण उत्तर चुकलं तर गाडी पेटू शकते. पेट्रोल लाइनवर प्रेशर गेज बसवायचंय, तर आट्यांना काय लावू? टेफ्लॉन टेप, शेलॅक, की ट्यूबमधलं सीलंट?

थांबा. आधी एक उलटा प्रश्न: या जोडात पेट्रोलला अडवतंय कोण? हे कळलं की निम्मं काम झालंच म्हणून समजा.

काही फिटिंगमध्ये आटे फक्त आवळून धरायचं काम करतात. बँजो बोल्ट बघा. तिथे पेट्रोल अडवतात दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर. ओ-रिंगवाल्या फिटिंगमध्ये ओ-रिंग अडवते. एएन नावाने मिळणाऱ्या फ्लेअर फिटिंगमध्ये ३७ अंशांच्या उतारावर धातूवर धातू दाबून बसतो. या तिन्ही ठिकाणी आट्यांना काही म्हणजे काहीच लावायचं नाही. गळतंय? वॉशर बदला, ओ-रिंग बदला, उतारावर ओरखडा आहे का बघा. टेप गुंडाळून गळती थांबत नाही, वर फिटिंग नीट बसायची राहते.

सीलंट लागतं ते निमुळत्या आट्यांना. गेज आणि सेन्सरवर बऱ्याचदा एनपीटी आटे असतात. लांबी १६ मिलिमीटर पुढे गेली की व्यास १ मिलिमीटरने बदलतो, असा त्यांचा उतार. त्यामुळे ते आवळताना पाचरीसारखे रुततात. तरीही आट्यांच्या माथ्याशी आणि तळाशी बारीक फट उरते आणि ती गोल फिरत फिरत थेट बाहेर निघते. ही वाट बुजवायची, एवढंच सीलंटचं काम.

इथे एक गंमत आहे, जरा महागात पडणारी. आपल्याकडच्या नळाच्या फिटिंगला बीएसपी आटे असतात. त्यामुळे दुकानात नुसतं '१/८ इंच द्या' म्हटलं की बीएसपीटी हातात पडू शकते. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे आणि कोन ६० अंश. १/८ बीएसपीटीला २८ आटे आणि कोन ५५ अंश. सुरुवातीचे फेरे मस्त बसतात, म्हणून आपण फसतो. असा चुकीचा जोड कुठल्याच सीलंटने सुधारत नाही.

आता ट्यूब आणि डब्यांकडे येऊ.

टेफ्लॉन टेप पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तिची भानगड वेगळी आहे. आवळताना तिचे बारीक तुकडे निघतात आणि फिल्टरच्या पुढच्या जोडातून निघालेला तुकडा सरळ इंजेक्टरमध्ये जाऊन अडकू शकतो. म्हणून पेट्रोल लाइनवर टेप नकोच.

साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं. तेही नको.

शेलॅक? सुतारकाका लाखेचं चपडं स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात ना, तीच ही लाख. ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. आज पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आता तुम्हीच ठरवा.

बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकर. ते सीलंट नव्हे, दोन्हींची गल्लत करू नका.

मग घ्यायचं काय? टेफ्लॉन मिसळलेलं ॲनारोबिक थ्रेड सीलंट. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की ते घट्ट होतं. लेबलवर पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींसाठी चालतं असं लिहिलंय का, ते वाचा. प्लॅस्टिकच्या फिटिंगला मात्र हे लावू नका. काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

लावताना आटे आधी पुसून कोरडे करा. टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडा, म्हणजे सीलंट आत ढकललं जाणार नाही. ॲल्युमिनियममध्ये जोर काढू नका. पाचर जास्त ठोकली की लाकूड फुटतं, तसंच इथे होतं. घट्ट व्हायला लेबलवर दिलेला वेळ द्या, घाई नको.

काम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करा. आधी लाइनमधलं प्रेशर उतरवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. नंतर बॅटरी जोडून फक्त चावी फिरवा, म्हणजे पंप चालून लाइन भरेल. जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर इंजिन सुरू करायचं नाही. कोरडा राहिला तर सुरू करा आणि गरम झाल्यावर पुन्हा बघा. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणून 'थोडंसंच झिरपतंय' हे वाक्य इथे चालत नाही.

आणि सीएनजीची लाइन किंवा डायरेक्ट इंजेक्शनची हाय-प्रेशर लाइन असेल, तर घरी हात लावूच नका. सीएनजी टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो. ते काम माहीतगार माणसाचंच.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा!