साध्या जीपचा आर्म 'फोर बाय फोर'ला चालतो का?

द्रोणागिरीच्या पायथ्याला करंजा, चाणजे, नागाव भागात भातखाचरे कमी होत गेली आणि दारात गाड्या आल्या. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी संपादित होऊ लागल्या, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आता जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो घेऊन घरची ये-जा आणि थोडाबहुत माल, दोन्ही कामे उरकणारे शेतकरी पुष्कळ आहेत. अशा गाडीचा पुढचा आर्म गेला की मिस्त्री म्हणतो, "कुर्ल्याहून जुना आणू. फोर बाय फोरचा मिळाला तरी बसेल."

शेतकरी बंधूंनो, बसणे वेगळे आणि चालणे वेगळे.

आर्मचे एक टोक रबरी बुशवर चॅसिसला असते, दुसरे बॉलजॉइंटने चाकाच्या नकलला. साध्या गाडीत पुढची चाके फक्त वळतात, त्यामुळे खालच्या आर्मवर मधोमध स्प्रिंग बसवता येते. फोर बाय फोरमध्ये मात्र चाक फिरवणारा शाफ्ट त्याच जागेतून जातो. म्हणून २००२ साली आलेल्या स्कॉर्पिओत साध्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग, तर फोर बाय फोरला टॉर्शन बार होता. टॉर्शन बार म्हणजे लांब पोलादी कांब. ती पीळ खाऊन भार तोलते. जिथे स्प्रिंगची बैठक हवी तिथे ती नाही, मग नुसती बोल्टची भोके जुळून काय उपयोग?

काही गाड्यांत दोन्ही प्रकारांना आर्म एकच असतो, हेही खरे. पण ते डोळ्यांनी ठरवू नये. चॅसिस नंबर सांगून कंपनीच्या दुकानात पार्ट नंबर काढून घ्यावा. नंबर एक असेल तर खुशाल बदला. बॉलजॉइंटची जागा थोडी जरी सरकली तरी चाक कलते, टायर एका कडेने झिजतो, स्टिअरिंग ओढते. फोर बाय फोरमध्ये तर शाफ्टचा सांधा वाकड्या कोनात चालून रबरी बूट फाटतो आणि ग्रीसच्या जागी चिखल जातो.

गरम करून, ठोकून, वेल्डिंग करून आर्म जुळवणारे मिस्त्री आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. उरणच्या रस्त्यावर मागेपुढे ट्रेलर असताना बॉलजॉइंट सुटला तर चाक आडवे पडते, मग काही हातात राहत नाही.

टॉर्शन बार काढण्यापूर्वी खूण करावी. डावा उजव्या बाजूला घालू नये. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून, भार आल्यावरच पक्के आवळावेत, नाहीतर रबर लवकर फाटते. अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढावी. जुना आर्म घेतलाच तर बुश आणि बॉलजॉइंट नवेच टाका. आपल्याकडे खारी हवा, त्यात खारजमिनीचा चिखल. आर्मच्या खालच्या बाजूचा गंज खरवडून पाहा आणि शेतातून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

ट्रॅक्टरवाल्यांनीही ऐकावे. फोर व्हील ट्रॅक्टरची पुढची-मागची चाके गिअरच्या हिशोबाने जुळवलेली असतात. मिळाला म्हणून वेगळ्या मापाचा टायर फक्त पुढे चढवला तर डांबरी रस्त्यावर गिअरवर ताण येतो. माप पुस्तिकेत पाहून घ्यावे, आणि डांबरावर आल्यावर पुढचा ड्राइव्ह काढून ठेवावा.