विश्लेषण : इंग्रजी ग्रामर पाठ, तरी बोलताना चूक का होते?

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे काय किंवा कोकणातल्या दुसऱ्या कुठल्या इंजिनीअरिंग कॉलेजात काय, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी कॅम्पस इंटरव्ह्यूचं एक कोडं असतं. लेखी परीक्षेत 'शी डझन्ट नो' बरोबर लिहिणाऱ्याच्या तोंडून तिथे 'शी डोन्ट नो' निघतं. मग त्याला ग्रामर येतं की नाही?

ज्ञान दोन प्रकारचं

'मी आंबा खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. क्रियापद इथे कर्माप्रमाणे बदलतं. 'कर्मणी प्रयोग' हे नाव शाळेत कळतं, पण शाळेची पायरी न चढलेली आजीही यात चुकत नाही. हे अंगवळणी पडलेलं ज्ञान. इंग्रजीत आपला प्रवास बहुतेकदा उलटा होतो. नियम आधी आणि सवय नंतर, जमली तर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकणाऱ्यांचंही हेच. नियम ओळखणं, सांगणं हे जाणीवपूर्वक ज्ञान.

मोजायचं कसं?

भाषाशास्त्रज्ञ रॉड एलिस यांनी 2005 मध्ये 17 व्याकरणरचनांवर पाच चाचण्या घेतल्या. ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणणं, गोष्ट तोंडी सांगणं आणि घड्याळ लावून वाक्य चूक की बरोबर ठरवणं, यात विचाराला उसंत नसते, सवय दिसते. हवा तेवढा वेळ देऊन चूक शोधायला लावली किंवा नियम विचारला, की जाणीवपूर्वक ज्ञान दिसतं. निकालांच्या विश्लेषणातही साधारण हेच दोन गट पडले.

आपली 'चूक दुरुस्त करा' छापाची लेखी परीक्षा बरीचशी दुसऱ्या गटातली. त्यातले मार्क खोटे नाहीत, पण त्यावरून कोण कसं बोलेल हे ठरवणं चुकीचंच. 'ही गोज'मधला 'एस' बघा. नियम एका ओळीचा, तरी बोलण्यात तो उशिरा बसतो.

मग नियम शिकणं वाया? अजिबात नाही. ईमेल, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना थांबून तपासता येतं. तिथे हेच ज्ञान कामी येतं.

स्वतःचं तपासायचंय? आपल्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकून चुका लिहा, मग तेच रेकॉर्डिंग सरांना किंवा मॅडमना ऐकवा. तुम्हाला सापडलेल्या चुकांचे नियम तुम्हाला येतात, तिथे बोलण्याचा सराव हवा. फक्त त्यांनाच सापडल्या, त्यांच्यासाठी पुस्तक उघडा.