चार तारांच्या बास गिटारची बी–ई–ए–डी स्वरजुळणी

चार तारांच्या बास गिटारवर ई, ए, डी, जी या रूढ स्वरांऐवजी बी, ई, ए, डी हे स्वर लावण्याच्या पद्धतीस बी–ई–ए–डी स्वरजुळणी असे म्हणतात. पाच तारांच्या बास गिटारवरील खालच्या चार तारा घेऊन सर्वांत वरची जी तार वगळली, की हीच रचना मिळते. पाच तारांचे स्वतंत्र वाद्य न घेता किंवा रुंद मानेची सवय न करता खर्जातील पाच अधिक अर्धस्वर मिळावेत, हा या बदलाचा मुख्य हेतू असतो. मात्र हा बदल केवळ खुंट्या सैल करून साधत नाही. त्यासाठी चारही तारा बदलाव्या लागतात आणि त्यांच्या अनुषंगाने वाद्याची बहुतेक मापे पुन्हा बसवावी लागतात.

पार्श्वभूमी

बास गिटारची रूढ स्वरजुळणी डबल बास या उभ्या, गजाने वाजवल्या जाणाऱ्या वाद्यावरून आली आहे. लगतच्या कोणत्याही दोन तारांत षड्ज–मध्यम अंतर, म्हणजे पाच अर्धस्वरांचे अंतर असते. पडदे असलेली विद्युत बास गिटार पॉल टटमार्क यांनी अमेरिकेतील सिएटल येथे १९३०च्या दशकात तयार केली होती, परंतु हे वाद्य सर्वत्र पोहोचले ते लिओ फेंडर यांच्या १९५१ मधील प्रिसिजन बासमुळे. या वाद्याची ३४ इंच (सुमारे ८६४ मिलिमीटर) ही तारेची कंपनलांबी आजही सर्वाधिक प्रचलित आहे.

सर्वांत खालच्या ई तारेची वारंवारता ४१.२ हर्ट्‌झ असते. त्याखालचे स्वर मिळवण्यासाठी वादकांनी निरनिराळे मार्ग अवलंबले. अँथनी जॅक्सन यांनी १९७५ मध्ये कार्ल टॉमसन यांच्याकडून सहा तारांची बास गिटार बनवून घेतली. पुढे खालची बी तार असलेली पाच तारांची वाद्ये कारखान्यांतून नियमित बनू लागली. सात तारांच्या गिटारी वापरणाऱ्या हेवी मेटल वाद्यवृंदांमुळे १९९०च्या दशकात बासवादकांना खालच्या स्वरांची गरज अधिकच भासू लागली. बी–ई–ए–डी स्वरजुळणी हा या सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

ताण आणि वस्तुमान

ताणलेल्या तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या एकक लांबीचे वस्तुमान. हा संबंध मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६च्या सुमारास मांडला. लांबी व वस्तुमान कायम ठेवल्यास ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. बास गिटारची लांबी वाद्यातच ठरलेली असल्याने वादकाच्या हाती ताण आणि तारेची जाडी एवढेच उरते.

ई तार तशीच ठेवून ती बी स्वरापर्यंत (३०.९ हर्ट्‌झ) उतरवली, तर वारंवारता मूळच्या तीन चतुर्थांश होते. तीन चतुर्थांशाचा वर्ग नऊ षोडशांश, म्हणजे सुमारे ५६ टक्के. तारेवरील जवळजवळ निम्मा ताण अशा रीतीने नाहीसा होतो. अशी ढिली तार पडद्यांवर आपटून खरखरते. बोटाच्या साध्या दाबानेही तिचा स्वर चढतो, आणि जोराने छेडल्यावर ती आधी वरच्या स्वरात उमटून मग हळूहळू खाली स्थिरावते. नवशिक्यांना हा दोष पुष्कळदा वाद्याचा वाटतो, पण तो तारेच्या चुकीच्या निवडीचा असतो.

पूर्वीइतकाच ताण राखायचा असेल, तर एकक लांबीचे वस्तुमान १६/९ पट, अर्थात सुमारे १.७८ पट वाढवावे लागते. एकाच धातूच्या व सारख्या बांधणीच्या तारेसाठी याचा अर्थ व्यास ४/३ पट करणे असा होतो. नेहमीची ई तार ०.१०५ इंच जाडीची असल्यास या हिशेबाने बी तार ०.१४० इंचाची यायला हवी. प्रत्यक्षात ०.१२५ ते ०.१३५ इंचाची तार अधिक वापरली जाते. जाडीबरोबर तारेचा ताठरपणा वाढतो व त्यामुळे तिच्यातील वरची कंपने मूळ स्वराच्या अचूक पटीत राहत नाहीत. परिणामी आवाज बोथट होतो, म्हणून थोडा कमी ताण पत्करणे बरे ठरते. तंबोऱ्यातही खर्जाची तार इतर तारांहून जाड असते, त्यामागील तत्त्व हेच होय.

तारांची निवड

पाच तारांचा संच विकत घेऊन त्यातील सर्वांत बारीक तार बाजूला ठेवणे हा सोपा उपाय आहे. ०.१३०, ०.१०५, ०.०८५ व ०.०६५ इंच हा प्रचलित जाड्यांचा एक मेळ. फक्त बी तार आणून जुन्या तिन्ही तारा एकेक घर सरकवण्याचा मोह होतो, परंतु चारही खुंट्या एकाच बाजूस असलेल्या वाद्यात ते क्वचितच जमते. तेथे ई तारेची खुंटी नटाला सर्वांत जवळ असते. तिच्या मापाने कापलेली तार पुढच्या खुंटीवर पुरेसे वेढे घेण्याइतकी लांब उरत नाही.

जाड तार ब्रिजच्या छिद्रातून आणि खुंटीच्या खाचेतून जाते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहणे इष्ट. काही बी तारा टोकाशी निमुळत्या केलेल्या असतात, त्या अशा वेळी उपयोगी पडतात. तार कापण्यापूर्वी ती खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्यावी. सरळ तार कापल्यास तिच्यावरील वेटोळे सैल होण्याची भीती असते.

नट

मान व खुंट्यांचा भाग जिथे मिळतात तिथल्या, तारांसाठी खाचा पाडलेल्या पट्टीस नट म्हणतात. संपूर्ण परिवर्तनात मागे घेता न येणारे काम हेच, म्हणून ते सर्वांत जपून करावे लागते. ०.१०५ इंचाच्या खाचेत ०.१३० इंचाची तार बसत नाही. ती खाचेच्या कडांवर अधांतरी राहते व पहिल्या दोन-तीन पडद्यांवर स्वर चढे येतात. उरलेल्या तिन्ही खाचाही अरुंद पडतात, कारण प्रत्येक घरात आता आधीपेक्षा जाड तार आलेली असते.

खाचा रुंद करण्यासाठी ठरावीक जाडीच्या गोल कडेच्या कानशी मिळतात. खाच तारेहून किंचित रुंद आणि खुंटीच्या दिशेने उतरती असावी लागते. ती जास्त खोल गेली, तर मोकळी तार पहिल्या पडद्याला लागून खरखरते. रुंद केलेल्या खाचेत पुढे पुन्हा बारीक तार लावली, तर ती आडवी हलते. त्यामुळे मूळचा नट न कानसता काढून जपून ठेवणे आणि नव्या जुळणीसाठी हाडाचा किंवा प्लॅस्टिकचा दुसरा नट बसवणे हा शहाणपणाचा मार्ग मानला जातो, विशेषतः वाद्य जुने व मूल्यवान असल्यास.

मान, सॅडल आणि पिकअप

चार तारांचा एकत्रित ताण साधारण ७५ ते ९० किलोग्रॅम वजनाइतका असतो. मानेतील ट्रस रॉड हा पोलादी दांडा त्याला तोल देतो. नव्या संचाचा एकूण ताण बदलला, की मानेचा बाकही बदलतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्याजवळची फट पाहिल्यास हा बाक मोजता येतो. सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. लाकूड स्थिरावण्यास वेळ लागतो.

त्यानंतर ब्रिजवरील सॅडल सरकवून स्वरशुद्धी साधतात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून मिळणारा स्वर आणि तीच तार तेथे दाबून मिळणारा स्वर एकच असायला हवा. दाबलेला स्वर चढा असेल, तर सॅडल मागे नेऊन तार लांब करतात. बी तारेचे सॅडल बहुधा सर्वांत मागे जाते. स्क्रूवरील स्प्रिंग आड येत असेल, तर ती थोडी कापून जागा करून घेतात. खर्जाची तार अधिक रुंद हेलकावे घेत असल्याने सॅडल व पिकअप यांची उंचीही नव्याने ठरवावी लागते.

वादनावरील परिणाम

तारांमधील अंतर षड्ज–मध्यमच राहत असल्याने सप्तकांचे आणि स्वरसमूहांचे बोटांचे आकार बदलत नाहीत. बदलते ती जागा. पूर्वी सर्वांत खालच्या तारेवर मिळणारा ई स्वर आता दुसऱ्या तारेवर असतो, आणि सवयीने हात काही काळ चुकीच्या तारेवर पडत राहतो. वरच्या टोकाला मात्र खरे नुकसान आहे. वीस पडद्यांच्या वाद्यावर वरचे पाच अर्धस्वर कायमचे जातात. उंच स्वरांत एकल वादन करणाऱ्यांना हा सौदा सहसा परवडत नाही.

बी तारेचा ३०.९ हर्ट्‌झचा मूळ स्वर लहान ध्वनिक्षेपकांतून फारसा बाहेर पडत नाही. तरीही तो बी म्हणूनच ओळखू येतो, कारण ६१.७ व ९२.६ हर्ट्‌झ इत्यादी त्याच्या पटीतील कंपनांवरून कान मूळ स्वर ताडतो. ३५ इंच लांबीच्या बास गिटारवर ही तार अधिक स्पष्ट वाजते. ३४ इंचांवर ती जिवंत ठेवण्याचे काम योग्य जाडी व नेटक्या बसवणीवर सोपवावे लागते.

इतर पर्याय

केवळ डी स्वरापर्यंतच उतरायचे असेल, तर एवढा खटाटोप अनावश्यक ठरतो. ई तार डीवर आणल्यास ताण सुमारे २१ टक्के घटतो व बहुतेक तारा तो सहन करतात. खुंटीलाच बसवलेल्या कळीने वाजवता वाजवता हा बदल करता येतो. बिली शीहान यांच्या वादनात अशी कळ दिसते. मायकेल मॅनरिंग यांनी हे तत्त्व खूप पुढे नेले. जो झॉन यांच्या साहाय्याने साकारलेल्या त्यांच्या हायपरबासवर वादन चालू असताना अनेक तारांचे स्वर बदलता येतात.

उलट दिशेचा बदल ए–डी–जी–सी या ‘टेनर’ स्वरजुळणीत आढळतो. स्टॅन्ली क्लार्क यांनी तिचा एकल वादनासाठी वापर केला. तिच्यासाठी बारीक तारा लागतात. जुन्याच तारा वर चढवल्यास ताण १६/९ पट होऊन तार तुटण्याचा व मानेला इजा पोहोचण्याचा धोका असतो.

सी–जी–डी–ए या स्वरजुळणीत लगतच्या तारांत षड्ज–पंचम अंतर येते. डबल बासवर रेड मिचेल यांनी ती १९६०च्या दशकात स्वीकारली. चेलोच्या बरोबर एक सप्तक खाली असलेल्या या रचनेत खालचा सी (३२.७ हर्ट्‌झ) मिळतो आणि वरची तारही जीवरून एवर चढते, त्यामुळे वाद्याचा आवाका दोन्ही टोकांना वाढतो. मात्र दोन तारांत सात अर्धस्वर येत असल्याने चार बोटांना एका जागी राहून सर्व स्वर गाठता येत नाहीत, व हात मानेवर सतत पुढे-मागे न्यावा लागतो.