आजोबांची माळ आणि डेव्हनवरची माळ

मुलांनो, गेल्या दिवाळीत आमच्या घरी दिव्यांच्या दोन माळा होत्या. एक शंभर दिव्यांची, डेव्हन ॲव्हेन्यूवर पणत्या आणि उटणं घ्यायला गेलो तेव्हा आणलेली. दुसरी सासूबाईंनी पुण्याहून साडीत गुंडाळून आणली होती. ती मामंजींनी, म्हणजे मुलांच्या आजोबांनी, चाळीस बल्बना स्वतः डाख देऊन केलेली. मामंजी आता नाहीत, म्हणून ती माळ लागलीच पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट.

आणि झालं काय, तर डेव्हनवरची माळ अर्धीच लागली! आजोबांची सगळी लागली, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.

आता हे कोडं सोडवू. बल्ब एकामागून एक जोडले तर ती एकसर जोडणी. पहिल्या बल्बमधून निघालेली वीज दुसऱ्यात शिरते, मग तिसऱ्यात. वाट एकच, कुठेही तुटली की सगळंच बंद. शिवाय विजेचा दाब सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. अमेरिकेत प्लगमध्ये १२० व्होल्ट असतात. माळेतला बल्ब अडीच व्होल्टचा. असे ५० जोडले की १२५. जमला हिशेब!

समांतर जोडणीत प्रत्येकाला स्वतंत्र वाट आणि पूर्ण १२० व्होल्ट. आपल्या घरातली उपकरणं अशीच जोडलेली असतात, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी फ्रीज चालू राहतो. (दिव्याचं बटण मात्र त्या दिव्याशी एकसर असतं, म्हणून तर ते त्याला विझवू शकतं.)

शंभराच्या माळेत दोन्ही प्रकार असतात: ५०-५० बल्बच्या दोन एकसर ओळी, आणि त्या ओळी एकमेकींशी समांतर. आमची एक ओळ तुटली होती, दुसरी चालू होती.

पण बल्ब जळाला की ओळ तुटतेच असं नाही बरं का! या बल्बच्या पोटात आणखी एक बारीक तार असते, वीज अडवणारा लेप दिलेली. मुख्य तार तुटली की सगळा दाब त्या एकाच जागी येतो, लेप जळतो आणि वाट पुन्हा जोडली जाते. एक बल्ब विझतो, ४९ चालू राहतात. मात्र त्यांच्या वाट्याला थोडा जास्त दाब येतो, म्हणून जळलेला बल्ब लवकर बदलावा. बल्ब खोबणीत सैल असेल तर ही युक्ती चालत नाही. आमचा तसाच एक सैल निघाला.

आता आजोबांची माळ. भारतात २३० व्होल्ट. चाळीस बल्बमध्ये वाटले की प्रत्येकी पावणेसहा. इथे १२० वाटले की जेमतेम तीन! चिरंजीव म्हणाले, "मधोमध कापू. वीस-वीसच्या दोन ओळी समांतर जोडल्या की प्रत्येकाला सहा व्होल्ट." गणित अगदी बरोबर. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या माळेला कात्री लावायची नाही."

मग पुन्हा डेव्हन! भारतात न्यायच्या २२० व्होल्टच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात १२० चे २२० करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळाला. घरी मोठ्यांनी आधी माळेचे उघडे सांधे टेपने गुंडाळले. (तुम्ही प्रयोग करायचा तर टॉर्चचे सेल आणि टॉर्चचे बल्ब घेऊन करा. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही!)

लक्ष्मीपूजनाला माळ लख्ख लागली, आणि तासाभराने पूर्ण विझली. जुन्या बल्बमध्ये ती लेपाची तार कुठली! एकेक बल्ब तपासून जळका शोधायला रात्रीचे अकरा वाजले. पण मामंजींनी सहा व्होल्टचे चार जादा बल्ब काड्यापेटीत घालून ठेवले होते, तेही सासूबाईंनी आठवणीने आणले होते. त्यांतले आता तीन उरले आहेत.