पंख्यांनी वीज वाचवली की पावसाने?



आज संशोधनातली एक मूलभूत गोष्ट घरच्या वीजबिलावरून समजून घेऊया. चूक माझीच आहे, त्यामुळे उदाहरण शोधावं लागलं नाही.

गेल्या वर्षी मे संपता संपता आमच्या पुण्याच्या घरी तीन जुने पंखे काढून बीएलडीसी पंखे बसवले. खर्च ९ हजार रुपये. मे महिन्याचा वापर २४५ युनिट होता, जुलैचा आला १५५. म्हणजे ९० युनिट कमी! युनिटला साधारण १० रुपये धरून मी मावशीला फोनवर सांगून टाकलं, "दहा महिन्यांत पैसे वसूल." मावशी म्हणाली, मग आम्हीही सहा पंखे हप्त्यावर घेतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मोठ्या कौतुकाने गाईडना सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "पाऊस कधी सुरू झाला?"

मग काय, कागद-पेन घेऊन बसलो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा. फरक ४५ वॅट. पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला १६.२ युनिट वाचतात. तीन पंख्यांचे झाले ४८.६. मग ९० कुठून आले? जूनमध्ये पाऊस आला, कूलर बंद झाला, फ्रिजवरचा ताण कमी झाला. शिवाय पंखेही कमी वेळ चालले, म्हणजे त्यांची खरी बचत ४८ पेक्षाही कमीच असणार.

आधी आणि नंतर पुरेसं नाही

तुम्ही म्हणाल, मागच्या वर्षीच्या जुलैशी तुलना करायची. मीही केली. तेव्हा १९० युनिट होते, म्हणजे ३५ ची बचत. पण तेव्हा भाऊ घरी होता आणि त्याचा कॉम्प्युटर रात्रभर चालायचा. आता तो होस्टेलला आहे. ऋतूचा प्रश्न सुटला, तर माणसांचा उभा राहिला!

खरा प्रश्न असा आहे: पंखे बदललेच नसते, तर याच जुलैमध्ये बिल किती आलं असतं? याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. तो आकडा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. त्याचा अंदाज बांधणं हेच आपलं काम.

मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून त्यांची बिलं मागून आणली. त्यांनी पंखे बदलले नव्हते, तरी मे ते जुलै त्यांचा वापर ६० युनिटने उतरला होता. आमचा ९० ने. उरले ३०. या पद्धतीला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, म्हणजे फरकातला फरक. अर्थात, आम्ही पंखे बदलले नसते तर दोन्ही घरांचा वापर सारखाच बदलला असता, हे त्यात गृहीत आहे. दोनच घरांवरून ते सिद्ध होत नाही, पण ९० पेक्षा ३० हा आकडा नक्कीच जास्त प्रामाणिक आहे.

मोठ्या अभ्यासात काय करतात?

अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही घरांना "शेजाऱ्यांच्या तुलनेत तुमचा वापर किती" हे सांगणारी पत्रं पाठवली जात, काहींना नाही. कोणाला पाठवायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं होतं. सरासरी घट आली सुमारे २ टक्के. आमच्या घरी नुसत्या ऋतूने त्याच्या कितीतरी पट फरक पडला होता! एवढा छोटा परिणाम दिसू शकला तो नियंत्रण गटामुळेच.

आणखी दोन सापळे लक्षात ठेवा. एक, लोक उपाय करतात ते बिल खूप वाढल्यावर. असा महिना मुळातच अपवादाचा असतो, पुढचा बहुतेक वेळा आपोआप खाली येतो. दोन, रुपये मोजू नका, युनिट मोजा. आपल्याकडे पहिले १०० युनिट स्वस्त असतात, पुढचे महाग, आणि स्थिर आकार वापर कमी झाल्याने घटत नाही. त्यामुळे रुपयांची आणि युनिटची टक्केवारी जुळतेच असं नाही. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "अमुक केल्याने तमुक कमी झालं" असं वाक्य असेल, तर त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहा: कशाच्या तुलनेत? उत्तर सापडेपर्यंत ते खोडू नका.

आणि हो, मावशीला पुन्हा फोन केला. ३० युनिटने पैसे वसूल व्हायला दहा नाही, तीस महिने लागतील, तेही वर्षभर पंखे एवढेच चालले तर, हे सांगितलं. तिने सहा घ्यायचं रद्द केलं. दिवसभर चालणारे हॉलमधले दोनच बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून दहा दिवस चालतो, तो बदलून काय वाचणार? हे मात्र तिला माझ्या आधी कळलं.